दादर स्टेशनच्या पाट्या: एका पाटीवालीचा अभिप्राय

लोक हॉटेलला तारे देतात, मिक्सरला देतात, इस्त्रीवाल्यालाही देतात. मी दादर स्टेशनच्या पाट्यांना देणार आहे. परळला आमचं पाट्यांचं दुकान आहे. दारावरच्या नावाच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, डॉक्टरांच्या वेळा, सोसायटीचं ‘गेटसमोर गाडी लावू नये’, असं सगळं आम्ही करतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्रशने लिहायचे. मी प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, विनाइल (चिकटणारं प्लास्टिक) कापते. त्यामुळे स्टेशनात शिरले की माझी नजर आधी वर जाते, गाडी नंतर.

सुरुवात आकड्यांपासून, कारण दादरला झालेलं सगळ्यात हुशार काम तेच आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून इथले प्लॅटफॉर्म १ ते १४ असे सलग आहेत. त्याआधी पश्चिम रेल्वेचे १ ते ७ वेगळे आणि मध्य रेल्वेचे पुन्हा १ पासून वेगळे, आणि वर पूल मात्र दोघांना जोडणारे. म्हणजे एकाच स्टेशनात एक नंबर दोन, तीन नंबर दोन, पाच नंबर दोन. ‘मी पाच नंबरवर उभा आहे’ असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठला पाच? वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ रोजच्या माणसाला यात काही अडचण वाटायची नाही, पण नवख्याला ‘वेस्टर्न’ म्हणजे ‘दादर वेस्ट’ वाटायचं आणि तो थेट फुलबाजारात उतरायचा.

आता पश्चिमेचे सात होते तसेच राहिले, मध्यचा १ झाला ८ आणि मध्यचा शेवटचा ८ झाला १४. हिशेब करणाऱ्याला एक प्लॅटफॉर्म हरवल्यासारखा वाटेल. तो हरवला नाही. त्याच वर्षी मध्यचा १ नंबर रुंद करताना २ नंबर बंद केला होता, त्यामुळे मधले काही महिने तिकडे एकानंतर थेट तीन येत होता. उरले सात. सात आणि सात चौदा. तारीखही शहाणपणाची वाटली मला: ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी राज्यभरातून माणसं दादरला उतरतात, आणि बदल झाला त्यानंतर तीन दिवसांनी. त्या गर्दीत आकडे बदलले असते तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

यातली खरी गंमत अशी की आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जातात. फुलबाजाराच्या बाजूने शिरलात की १, आणि हिंदू कॉलनीच्या अंगाला गेलात की १४. पुलावर चालताना आकडा वाढतोय म्हणजे तुम्ही पूर्वेला निघालात, कमी होतोय म्हणजे पश्चिमेला. बाण बघायचीही गरज नाही. सूर्य दिसत नाही अशा पुलावर, पुढे मागे माणसांच्या भिंती असताना, दिशा कळण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या तरी माहितीत नाही. सर्जनशील पाट्या म्हटलं की लोकांना भिंतभर चित्रं आणि वाकडेतिकडे बाण आठवतात. इथे पाटीचा पत्रा, रंग, आकार काहीही नवं नाही. फक्त मोजायला कुठून सुरुवात करायची ते कोणीतरी नीट ठरवलं. पाचपैकी पाच.

एक खोच सांगून ठेवते. जुन्या माणसाच्या डोक्यातला मध्यचा ‘आठ’ म्हणजे पूर्वेचं टोक. आताचा आठ म्हणजे मध्यची सुरुवात, त्या टोकापासून सगळ्यात लांब. तेव्हा एखाद्या काकांनी छातीठोकपणे ‘आठवर जा’ म्हटलं तर ते कोणत्या सालातले आठ बोलतायत ते विचारून घ्या.

माझ्या धंद्यात पाटी बरी की वाईट हे तपासायची एक साधी कसोटी आहे, आणि ती डिझाइनच्या कॉलेजात शिकवतात की नाही ठाऊक नाही. पाटीवर जे आहे ते फोनवर सांगता येतं का? आपल्याकडे माणूस पाटी वाचत नाही, माणसाला विचारतो. वाचता येत असलं तरी विचारतो. चहावाल्याला विचारतो, हमालाला विचारतो, आणि ज्याला विचारलं त्याच्यावर विश्वास बसला नाही तर पुढच्याला विचारतो. याला काही जण अडाणीपणा म्हणतात, मला तो व्यवहार वाटतो. तर मग पाटीचं काम काय? विचारणाऱ्याला उत्तर देणं नव्हे, उत्तर देणाऱ्याच्या तोंडी छोटं आणि चुकायला जागा नसलेलं वाक्य देणं. ‘सेंट्रलच्या पाच नंबरवर, म्हणजे वेस्टर्नवाला नाही, पूल ओलांडून पलीकडे’ हे वाक्य आता ‘अकरा नंबर’ एवढंच झालंय. सासूबाईंना मी आता फोनवर हेच सांगते आणि त्या न चुकता येतात.

मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हा तिथे नेमकं हेच साधलं होतं. लान्स वायमन नावाचा अमेरिकन डिझाइनर १९६८ च्या ऑलिंपिकच्या कामासाठी तिथे आला होता. त्याने मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाला एकेक चित्र दिलं. चापुल्तेपेकला नाकतोडा. शहरात ज्यांना वाचता येत नव्हतं अशी माणसं पुष्कळ होती, आणि ‘नाकतोड्याला उतर’ हे कोणीही कोणालाही सांगू शकतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपण हेच केलं होतं. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी: बैलजोडीच्या पेटीत मत टाकायचं, बस्स. देशभरच्या मतदाराला चालणारी युक्ती आपल्या सरकारी इमारतींच्या दारात आली की कुठे गळते कोण जाणे. तिथे ‘सक्षम प्राधिकारी यांचे कार्यालय, कक्ष क्र. २०७ (अ)’ असतं, आणि ते फोनवर सांगून बघा.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयात जमिनीवर रंगीत पट्ट्या मारल्या होत्या. निळी पट्टी धरली की एक्स-रे, पिवळी धरली की रक्ततपासणी, लाल धरली की अपघात विभाग. कल्पना उत्तम, आणि कसोटीला उतरणारी: केसपेपरच्या खिडकीतला माणूस मान वर न करता ‘निळी पट्टी धरा’ म्हणायचा आणि लातूरहून आलेली म्हातारी बरोबर पोचायची. पण रंग साधा ऑइलपेंट, त्यावरून दिवसभर स्ट्रेचर, आणि सकाळ-संध्याकाळ फिनेलचा पोछा. वळणावर चाकं घासतात म्हणून पट्टी नेमकी वळणावरच आधी गेली. सरळ बोळात, जिथे चुकायला वावच नाही, तिथे ती मात्र ठसठशीत उरली. नाव घेत नाही, कारण त्यांच्याकडून अजून एक बिल येणं आहे.

दुकानात हल्ली डिझाइन शिकणारी मुलं विनाइलचे नमुने मागायला येतात. त्यातल्या एकीने मला जपानमधल्या उमेदा हॉस्पिटलचे फोटो दाखवले. प्रसूतीचं इस्पितळ. केन्या हारा या डिझाइनरने १९९८ साली तिथल्या सगळ्या पाट्या पांढऱ्या सुती कापडाच्या केल्या, अभ्र्यासारख्या काढून धुता येणाऱ्या. पांढरं कापड मळतं हे त्याला माहीत होतंच, म्हणून तर निवडलं: पाटी स्वच्छ दिसली की बाळंतिणीला न सांगता कळतं की बाकीचंही स्वच्छ असणार. मी ते फोटो बराच वेळ बघत बसले. मुलीने विचारलं, ‘मावशी, आपल्याकडे चालेल का?’ म्हटलं, कापड मी शिवून देईन गं, धुलाईचं टेंडर कोण भरणार?

पुन्हा दादरला. मला विचाराल तर इथल्या सगळ्यात सुंदर पाट्यांवर अक्षरच नाही. प्लॅटफॉर्मच्या खांबांवरचे तिरके पट्टे आठवा. लाल-पिवळे म्हणजे इथे फर्स्ट क्लासचा डबा थांबतो, हिरवे-पिवळे म्हणजे लेडीज. मुंबईकर हे कधी शिकला ते त्यालाच सांगता येणार नाही. गाडी आत शिरते आणि धावणाऱ्या डब्याकडे न बघता बायका आपोआप हिरव्या पट्ट्यापाशी सरकलेल्या असतात. गर्दी कितीही असो, खांब उंच असल्यामुळे डोक्यांच्या वर पट्टा दिसतो. पुसट झाला तरी कळतो. तीन भाषांत लिहावा लागत नाही. आणि फोनवरही सांगता येतो: ‘जिन्याखालच्या हिरव्या खांबाजवळ थांब.’ यालाही पाच.

२०२० मध्ये पश्चिम रेल्वेने महिला डब्यावरचं चित्र बदललं. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या जागी कोट घातलेली बाई आली. त्यावर कौतुक झालं, थोडी टिंगलही झाली. त्याच सुमाराला दादरमध्येच सिग्नलच्या दिव्यांतही बाईची आकृती आली. मला दोन्ही आवडलं, पण पाटीवाली म्हणून सांगते, डब्यावरचं चित्र हे रुसवे-फुगवे काढायचं ठिकाण आहे, रस्ता दाखवायचं नाही. डबा समोर येऊन थांबेपर्यंत तुम्ही चुकीच्या जागी उभ्या असाल तर कोटवाली असो की पदरवाली, ती तुम्हाला आत घेऊ शकत नाही. निर्णय त्याआधी झालेला असतो, खांबापाशी.

अपंगांच्या डब्याची जागा दाखवायला चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं आणि सोबत टीक-टीक असा आवाज करणारं एक यंत्र. माझ्या मावसभावाला दिसत नाही. त्याचं म्हणणं, ‘तुमच्या सगळ्या पाट्या काढून टाका, मला ती टिकटिक ठेवा.’ जमिनीवरच्या उठावाच्या पिवळ्या फरशांबद्दल मात्र त्याचं मत राखीव आहे. या फरशा सेइइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थाने १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. त्यांची भाषा दोनच शब्दांची: लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. इतकी सोपी, तरी बसवणारे गवंडी तिला नक्षी समजतात. एका नव्याकोऱ्या सार्वजनिक इमारतीत (हिचंही नाव नाही, टेंडर भरायचं आहे) रेघांची फरशी आडवी बसवली होती, म्हणजे भावाच्या तळव्याला ती सांगत होती की भिंतीत जा. आणखी एका ठिकाणी ठिपक्यांवर पाण्याचा कूलर ठेवला होता. आर्किटेक्टला पिवळा रंग लॉबीत खुपला म्हणून करड्या फरशीवर करडे ठिपके लावल्याचंही मी पाहिलंय. ज्यांना थोडंसं दिसतं त्यांच्यासाठीच तो पिवळा होता.

आता अक्षरांकडे येते, कारण माझं पोट त्यावर आहे. रेल्वेच्या नावाच्या पाट्या, प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या, पिवळ्यावर काळ्या. लांबून वाचायला याहून चांगली जोडी नाही, अण्णा याच जोडीला ‘गरिबाचा दिवा’ म्हणायचे. पण मराठी आणि इंग्रजी एकाच पाटीवर बसवणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कॉम्प्युटरवर दोन्हींना सारखाच आकडा दिला की मराठी लहान दिसतं. कारण उघड आहे. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. फॉन्टला त्या सगळ्यांसाठी जागा राखावी लागते, मग मधल्या अक्षराच्या धडाला उरतं थोडंच. अण्णा दोरीला खडू चोळून चार रेघा मारायचे: मात्रेची, शिरोरेषेची, अक्षराच्या तळाची आणि उकाराची. इंग्रजीचं कॅपिटल ते शिरोरेषा ते तळ याच उंचीत बसवायचे, वर-खाली जाऊ द्यायचे नाहीत. मग दोन्ही भाषा एकाच आवाजात बोलतात. आज मी तेच करते, फक्त माउसने, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, इंग्लिश जरा छोटं वाटतंय.’

दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम आठवत असेल. २०२२ च्या दुरुस्तीने ठरलं की देवनागरी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको, आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपत होती. ते दिवस आम्हा पाटीवाल्यांचे सुगीचे. पण पट्टी लावून उंची सारखी केली आणि जाडी मात्र अर्धी ठेवली, असे बोर्ड भरपूर लागले. उंचीला कायदा आहे, जाडीला नाही. रस्त्याच्या पलीकडून बघा, इंग्रजी दिसतं आणि मराठी असल्याची शंका येते.

रेल्वे स्टेशनांत दुसराच आजार असतो, पाट्यांवर पाट्या. दिशेची पाटी, तिच्या शेजारी वडापावची, तिच्यावर थुंकू नका, तिच्या पुढ्यात पंखा. मुंबईतल्याच एका स्टेशनावर (नाही सांगत) ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ ही पाटी अशी लावली होती की तुम्ही बाहेर पडल्यावरच ती पूर्ण वाचता यावी. पाटी लावणारा माणूस शिडीवर चढून लावतो, त्याला तिथून सगळं छान दिसतं. खाली उतरून, डोक्यावर बोचकं घेतलेल्या माणसाच्या उंचीने, मागून धक्का बसत असताना ती वाचायचा प्रयत्न कोणी करत नाही. पुलावर तर पाटी चालता चालता कळली पाहिजे, कारण पुलावर थांबून वाचणारा माणूस स्वतःच अडथळा होतो. म्हणूनच पुलावर शब्दांपेक्षा मोठा आकडा हवा. दादरला आकडे वेगवेगळे झाल्याचा फायदा इथेच पदरात पडतो: ‘पश्चिम रेल्वे’, ‘मध्य रेल्वे’ हे शब्द वाचले नाहीत तरी अडत नाही.

भुयारी मेट्रोचं दादर स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं. तिथे बाहेर पडायच्या दारांना अक्षर आणि आकडा अशी नावं आहेत, ए-१, बी-२ अशी. कसोटीला उतरतं. या मार्गाचं अधिकृत नाव ‘ॲक्वा लाइन’, ते मात्र मी अजून कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही, सगळे ‘भुयारी’च म्हणतात. ॲक्वा हा रंग, आकाशी म्हणा, निळसर म्हणा. पण जो रंग सासूबाईंना साडीच्या दुकानात मागता येत नाही तो मार्गाला देऊ नये असं माझं मत.

राहता राहिला इंडिकेटर. लोकलचा इंडिकेटर ही मुंबईची सगळ्यात जास्त वाचली जाणारी पाटी असावी. वेळ, शेवटचं स्टेशन, डबे बारा की पंधरा, फास्ट की स्लो, एवढं सगळं वीतभर जागेत. तीन भाषांत आलटून पालटून येतं, आणि मराठी-हिंदी दोन्हींत कल्याण कल्याणच असतं, तरी इंग्रजी वाचणाऱ्याला त्या दोन्ही फेऱ्या संपेपर्यंत थांबावं लागतं. तेही चालेल. बारा-पंधराचा उल्लेख तर फार मोलाचा. पंधरा डब्यांची गाडी बारा समजून उभं राहिलं की लेडीज डबा भलतीकडेच जातो.

पण मध्य रेल्वेच्या एका अक्षरावर माझा जुना राग आहे. गाडी कुठे जाणार ते सांगायला इंग्रजी अक्षरं वापरतात. ठाण्याला टी, कल्याणला के, अंबरनाथला ए. इथवर ठीक. कल्याणनंतर रेल्वे दोन फाट्यांनी जाते, एक ईशान्येला कसाऱ्याकडे, एक आग्नेयेला कर्जतकडे. म्हणून कसाऱ्याला एन, म्हणजे नॉर्थ, आणि कर्जतला एस, म्हणजे साउथ. रेल्वेच्या नकाशात हे तर्काला धरून आहे. पण त्याच इंडिकेटरवर स्लो गाडीलाही एस आहे, आणि फास्टला एफ. मग ‘एस एफ’ म्हणजे कर्जत फास्ट. नवख्या माणसाने हे काय वाचावं? स्लो पण फास्ट? डोंबिवलीला डीएल आहे, टिटवाळ्याला टीएल, बदलापूरला बीएल, खोपोलीला केपी. दोन अक्षरांना जागा आहे, सवय आहे, मग कर्जतलाच काय झालं? केजे करा. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदलायचं, पत्रा कापायचा नाही, शिडी लावायची नाही, माझ्यासारखीला टेंडरही भरावं लागणार नाही.

इंडिकेटरला साडेतीन. सगळं मिळून दादरला साडेचार, आणि उरलेला अर्धा त्या केजेसाठी राखून ठेवलाय.